निशादीप्त मेघ : उंच आकाशातील हिमकणांच्या शोधाची कथा

मेघ म्हणजे काय, हा प्रश्न मानवाने फार प्राचीन काळापासून विचारलेला आहे. महाकवी कालिदासाने 'मेघदूता'च्या प्रारंभीच मेघाची घटना सांगितली असून धूर, तेज, जल आणि वायू या चार पदार्थांच्या एकत्र येण्याने मेघ बनतो, असे त्याने म्हटले आहे. कवीचा हेतू अर्थातच शास्त्र शिकविण्याचा नव्हता. जो मेघ सचेतन नाही त्याच्या हाती निरोप देणाऱ्या विरही यक्षाची मनःस्थिती त्याला दाखवावयाची होती. तथापि सृष्टीमध्ये मेघांचा एक प्रकार असा आहे की, ज्याच्या बाबतीत ही चारही नावे अक्षरशः खरी ठरली. मात्र तसे सिद्ध होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्या शंभर वर्षांची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

पर्जन्य देणारे मेघ भूमीपासून सामान्यतः पंधरा-सोळा किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचतात. ज्या मेघांविषयी येथे सांगावयाचे आहे, ते सुमारे ८२ किलोमीटर उंचीवर, वातावरणाच्या मध्यांबर नावाच्या थराच्या माथ्याशी असतात. तेथील हवेचा दाब भूपृष्ठावरील दाबाच्या जेमतेम एक लक्षांश असतो. या मेघांतून पाऊस पडत नाही, वीज चमकत नाही, आणि दिवसा तर ते डोळ्यांना दिसतही नाहीत. सूर्य क्षितिजाखाली सहा ते सोळा अंश गेला म्हणजे भूमीवर अंधार पडतो, खालचे मेघ काळे होतात. परंतु इतक्या उंचीवर सूर्याचे किरण अद्याप पोहोचत असतात. मग उत्तर आणि दक्षिण ध्रुवांकडील देशांत, केवळ उन्हाळ्यातील रात्री, क्षितिजाजवळ रुपेरी-निळसर रंगाच्या नाजूक लहरी उमटलेल्या दिसतात. रात्री उजळतात म्हणून त्यांस निशादीप्त मेघ असे म्हणतात. ते निव्वळ हिमाचे, म्हणजे गोठलेल्या पाण्याच्या अतिसूक्ष्म कणांचे बनलेले असतात.

मॉरिशसच्या आकाशात हे मेघ दिसत नाहीत. कोकणच्या आकाशातही दिसत नाहीत. असे असूनही त्यांच्या शोधाच्या कथेचा आरंभ हिंदी महासागरातच होतो. त्या आरंभाच्या पहिल्या साक्षीदारांत मॉरिशस आणि रॉड्रिग्ज या दोन बेटांची गणना होते, आणि ज्या दिवसांत हे घडले त्या दिवसांत येथील मराठी कुटुंबांचे पूर्वज याच बेटावर उसाच्या मळ्यांत राबत होते.

पूर्वेकडील तोफांचा आवाज

सन १८८३ च्या ऑगस्ट महिन्याच्या २६ आणि २७ तारखांना जावा व सुमात्रा यांच्यामधील सुंदा सामुद्रधुनीतील क्राकाटोआ नावाच्या ज्वालामुखी बेटाचा भयंकर स्फोट झाला. बेटाचा बराचसा भाग नाहीसा झाला. समुद्राच्या प्रचंड लाटांनी किनाऱ्यावरील गावे धुऊन नेली आणि छत्तीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

या स्फोटाचा आवाज जेथे ऐकू आला त्यांपैकी सर्वांत दूरचे ठिकाण म्हणून इतिहासात रॉड्रिग्ज बेटाची नोंद झाली आहे. क्राकाटोआपासून रॉड्रिग्ज सुमारे ४८०० किलोमीटर दूर आहे. तेथील पोलिसांचे मुख्य अधिकारी जेम्स वॉलिस यांनी पूर्वेकडून दूरवरच्या मोठ्या तोफांसारखे आवाज येत असल्याचे आपल्या नोंदीत लिहून ठेवले. ध्वनीला तेवढे अंतर कापण्यास सुमारे चार तास लागले होते. कोणते जहाज संकटात आहे, असा तर्क त्या वेळी करणे स्वाभाविक होते. जावाजवळचा एक पर्वत फुटल्याचा तो आवाज आहे, हे कोणाच्या ध्यानात येणे शक्यच नव्हते. आवाज कसला हे ठाऊक नसताही तो कोणत्या दिवशी, कोणत्या दिशेने आला, हे लिहून ठेवले गेले, म्हणूनच त्याला पुढे मोल आले.

कानांना ऐकू न येणारी हवेच्या दाबाची लहर तर याहूनही दूर गेली. तिने सबंध पृथ्वीला तीनपेक्षा अधिक प्रदक्षिणा घातल्या, आणि निरनिराळ्या देशांतील वायुभारमापक यंत्रांच्या कागदांवर प्रत्येक खेपेस लहानसा चढउतार उमटविला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत तो उमटला, आणि मॉरिशसच्या वेधशाळेतही उमटला. त्याच दिवशी पोर्ट लुईच्या बंदरात समुद्राचे पाणी भरती-ओहोटीची वेळ नसताना चढू-उतरू लागले.

पॅम्प्लेमूसची वेधशाळा

त्या काळी मॉरिशससारख्या दूरच्या बेटावर अशी सूक्ष्म नोंद करणारी यंत्रे होती, याचे श्रेय मुख्यतः चार्ल्स मेल्ड्रम या स्कॉटिश गृहस्थाकडे जाते. मेल्ड्रम यांची कथा येथील मराठी वाचकांस काहीशी जवळची वाटेल. ते १८४६ साली मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस लागले आणि दोन वर्षांनी तेथून मॉरिशसच्या रॉयल कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून आले. म्हणजे ज्या मुंबई बंदरातून रत्नागिरीकडील मजूर जहाजात चढले, त्याच मुंबईहून हे अध्यापकही या बेटावर आले. प्रवासाची दिशा एक; परंतु एकाच्या हाती नेमणुकीचा कागद, तर दुसऱ्याच्या हाती कराराचा.

मेल्ड्रम यांनी १८५१ साली मॉरिशसची हवामान-संस्था स्थापन केली. पोर्ट लुईस येणाऱ्या जहाजांच्या रोजनिश्यांतून वाऱ्याच्या व दाबाच्या नोंदी जमवून त्यांनी हिंदी महासागरातील चक्रीवादळांचा अभ्यास आरंभिला. १८७० साली राजपुत्र आल्फ्रेड यांच्या हस्ते पॅम्प्लेमूस येथे वेधशाळेची कोनशिला बसविण्यात आली आणि पुढे ती रॉयल आल्फ्रेड वेधशाळा या नावाने प्रसिद्ध झाली. क्राकाटोआचा स्फोट झाला तेव्हा तेथील यंत्रे चालू होती.

त्या सुमारास मॉरिशसच्या लोकसंख्येचे जवळजवळ दोन तृतीयांश लोक हिंदी वंशाचे होते. १८३४ पासून येऊ लागलेल्या करारबद्ध मजुरांची कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून सतत भर पडत होती. प्रत्येक मजुराचा क्रमांक, नाव, वय, गाव, जात, उंची आणि अंगावरील खुणा सरकारी वह्यांत लिहिल्या जात. पुढे छायाचित्रही घेतले जाई. या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत सुरक्षित आहेत, आणि आपल्या घराण्याचे मूळ गाव शोधणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार आहे. मात्र मजुरांविषयी इतके लिहिणाऱ्या त्या वह्यांत मजुरांनी स्वतः काय पाहिले, यासाठी रकाना नव्हता.

तांबडी संध्याकाळ

पाहण्यासारखे तर पुष्कळ होते. स्फोटाच्या वेळी उडालेली बारीक धूळ आणि वायू स्थितांबरापर्यंत पोहोचले होते. विषुववृत्ताजवळच्या वाऱ्यांनी ते पश्चिमेकडे वाहून नेले, आणि सुमारे दोन आठवड्यांत त्यांची पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण झाली. त्या वाटेवर मॉरिशस प्रथमच लागत असल्याने ऑगस्ट महिना संपण्यापूर्वीच येथील पहाट व सांज विलक्षण तांबडी दिसू लागली. सप्टेंबरमध्ये मद्रास आणि सिंहलद्वीप येथे सूर्य हिरवा, निळा दिसला. होनोलुलू येथील धर्मोपदेशक सेरेनो बिशप यांनी सूर्याभोवती फिकट तांबूस कडे पाहिले. ते आजही बिशपचे कडे म्हणून ओळखले जाते. नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकेत मावळतीची लाली इतकी भडक झाली की, पकिप्सी व न्यू हेवन या गावांत मोठी आग लागली असे समजून बंब धावले. लंडनजवळ चेल्सी येथे विल्यम अॅस्क्रॉफ्ट या चित्रकाराने संध्याकाळच्या आकाशाची पाचशेंहून अधिक रंगचित्रे काढली.

उसाच्या मळ्यांतील मजूर सूर्योदयापूर्वी कामास लागत आणि सूर्यास्ताच्या सुमारास परतत. तेव्हा हे आकाश त्यांच्याइतके क्वचितच कोणी पाहिले असेल. परंतु लंडनच्या रॉयल सोसायटीने या सर्व घटनेचा जो मोठा अहवाल जी. जे. सायमन्स यांच्या संपादनाखाली १८८८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात मॉरिशस आणि रॉड्रिग्ज यांचा उल्लेख आहे तो वेधशाळेच्या यंत्रांमुळे व अधिकाऱ्यांच्या लेखणीमुळे. ज्यांना लिहिता येत नव्हते, अथवा ज्यांचे लिहिणे कोणी विचारले नाही, त्यांचे पाहणे त्यांच्याबरोबरच गेले.

उत्तरेकडील उजळ रात्री

क्राकाटोआमुळे जगभरच्या जिज्ञासू लोकांना एक नवी सवय लागली. सूर्यास्तानंतर आकाशाकडे टक लावून पाहण्याची ही सवय होती, आणि तिच्यातूनच दोन वर्षांनी निशादीप्त मेघांचा शोध लागला. १८८५ च्या जून महिन्यात टी. डब्ल्यू. बॅकहाउस या इंग्रज हौशी निरीक्षकाला जर्मनीतील किसिंगेन येथे, व्हिटोल्ड त्सेरास्की या ज्योतिर्विदाला मॉस्को येथे आणि ओटो येसे याला बर्लिन येथे हे मेघ दिसले. पुढील महिन्यात सदॅम्पटन येथील रॉबर्ट लेस्ली याने 'नेचर' या नियतकालिकास पत्र लिहून त्यांचे वर्णन कळविले. चौघांनी एकमेकांस न विचारता एकच गोष्ट पाहिली होती.

त्सेरास्की याने आपला सहकारी बेलोपोल्स्की याच्यासह या मेघांची उंची काढण्याचा प्रयत्न केला आणि ते सामान्य मेघांच्या कित्येक पट उंच असल्याचे दाखविले. परंतु ज्याने आपले उर्वरित आयुष्य या मेघांस वाहिले तो ओटो येसे होय. १८८७ साली त्याने त्यांचे पहिले छायाचित्र घेतले. नंतर बर्लिनच्या परिसरात एकमेकांपासून कित्येक किलोमीटर अंतरावर छायाचित्रयंत्रे ठेवून एकाच क्षणी एकाच मेघाची चित्रे घेण्याची व्यवस्था त्याने केली. नदीच्या पलीकडील झाडाचे अंतर मोजणीदार जसे पाण्यात न उतरता काढतो, तसाच हा प्रकार. आधाररेषेच्या दोन टोकांवरून एकच वस्तू तारकांच्या पार्श्वभूमीवर किती सरकलेली दिसते, हे मोजावयाचे आणि त्रिकोणाच्या गणिताने उंची काढावयाची. १८८९ ते १८९१ या वर्षांतील चित्रांवरून सरासरी उंची ८२ किलोमीटर आली. पुढे अग्निबाण आले, रडार आले, कृत्रिम उपग्रह आले. परंतु त्या उंचीत सांगण्याजोगा बदल कोणासही करावा लागलेला नाही. मेघांवर नजर ठेवून कळवावे, असे आवाहनही येसे याने वारंवार केले, कारण असे मेघ एका माणसाच्या डोळ्यांनी पुरे पडणारे नाहीत, हे त्याने ओळखले होते.

राख की हिम ?

उंची अचूक सापडली. पण मेघ कशाचे बनले आहेत, याचे उत्तर मात्र चुकले. येसे आणि त्याच्या समकालीनांना वाटले की, हा क्राकाटोआच्या राखेचाच वर राहिलेला अंश होय. हा तर्क अडाणीपणाचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी एवढा मोठा स्फोट झाला होता. त्यापूर्वी असे मेघ पाहिल्याची निश्चित नोंद कोठे नव्हती. आणि १८९० नंतरच्या दशकात ते खरोखरच कमी दिसू लागले. राख हळूहळू खाली बसत आहे, असा त्याचा अर्थ सहज लागत होता. १९०१ मध्ये येसे वारला.

परंतु राख खाली बसावयास हवी होती, आणि मेघ तर दर उन्हाळ्यात परत येत राहिले. १९०८ च्या ३० जूनला सायबेरियातील तुंगुस्का येथे अंतराळातून आलेला मोठा पाषाण वातावरणात फुटला, तेव्हा त्यानंतरच्या रात्री युरोपात इतक्या उजळ झाल्या की, लंडनमध्ये मध्यरात्रीही प्रकाश जाणवत होता. त्यामुळे काही रशियन विद्वान हे मेघ उल्कांच्या धुळीचे असावेत, असे मानू लागले. दुसरीकडे १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने हे मेघ हिमाचे असू शकतील, असा विचार मांडला. भूखंडे सरकतात हा सिद्धान्त मांडणारा तोच हा वेगेनर. परंतु त्या उंचीवर पाणी कोठून येणार आणि ते गोठण्याइतकी थंडी भर उन्हाळ्यात कशी असणार, हे कोणास सांगता येईना. अशा रीतीने राख, उल्काधूलि आणि हिम या तीन मतांत हा वाद जवळजवळ पन्नास वर्षे चालू राहिला.

अग्निबाणांची साक्ष

उत्तर मिळण्यास वर जाणे आवश्यक होते. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात कॅनडातील फोर्ट चर्चिल येथून सोडलेल्या अग्निबाणांनी उंच हवेचे तापमान मोजले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. ८० किलोमीटरच्या आसपासची हवा हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात अधिक थंड असते. याचे कारण असे की, उन्हाळ्यात ध्रुवाकडील हवा त्या उंचीवर वर चढते आणि प्रसरण पावल्याने थंड होते. निशादीप्त मेघ ज्या ऋतूत दिसतात, नेमक्या त्याच ऋतूत तेथील तापमान शून्याखाली १२० अंशांहून खाली उतरते. कधी कधी १४० अंशांच्याही खाली जाते. पृथ्वीच्या वातावरणातील हे सर्वांत थंड स्थान होय. दहा लाख भागांत पाण्याचे केवळ चार-पाच भाग असूनही तेथे हिम बनू शकते.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये स्वीडनमधील क्रोनोगार्ड येथून स्वीडिश व अमेरिकन शास्त्रज्ञांनी अग्निबाणांच्या साह्याने प्रत्यक्ष कण पकडण्याचा प्रयत्न केला. मेघ असताना एक आणि नसताना एक, असे नमुने घेऊन त्यांची तुलना केली. मेघ असतानाच्या कणांभोवती वलयासारख्या खुणा दिसल्या; कणांवर हिमाचे कवच असावे आणि ते खाली येताना वितळून गेले असावे, असा अर्थ त्यांतून काढण्यात आला. पुरावा हिमाच्या बाजूचा होता, पण निर्णायक नव्हता. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका कृत्रिम उपग्रहाच्या निरीक्षणांनी दाखविले की, ध्रुवावर या मेघांचा विस्तीर्ण पडदाच पसरलेला असतो. भूमीवरून दिसते ती केवळ त्याची किनार. शेवटी २००१ साली सूर्यप्रकाशातील अवरक्त किरण या मेघांतून जाताना कोणत्या रंगछटा गाळल्या जातात, याचे विश्लेषण उपग्रहावरील यंत्राने केले, आणि त्यात हिमाची खूण स्वच्छ सापडली. वेगेनरच्या तर्कापासून सिद्धतेपर्यंत एकोणनव्वद वर्षे गेली होती.

खास याच मेघांसाठी अमेरिकेने २५ एप्रिल २००७ रोजी 'एम' नावाचा उपग्रह सोडला. त्याने २०२३ पर्यंत काम केले. त्याच्या निरीक्षणांतून असे आढळले की, हिमकणांच्या पोटात उल्कांचा धूर दडलेला असतो. काही कणांत तर आकारमानाच्या तीन टक्क्यांपर्यंत. प्रत्येक दिवशी असंख्य बारीक उल्का वातावरणात शिरून जळतात आणि त्यांची वाफ पुन्हा घट्ट होऊन अतिसूक्ष्म धुराचे कण बनतात. पाण्याची वाफ गोठण्यास कसला तरी आधार लागतो, तो हा धूर पुरवितो. त्यावर बसणारे हिमकणही एवढे लहान की, असे वीस हजार कण एका रांगेत ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर लांबी भरेल. येथे कालिदासाच्या चार पदार्थांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. धूर उल्कांचा, तेज क्षितिजाखालच्या सूर्याचे, जल गोठलेले, आणि त्यास थंड करणारा वायू ध्रुवावर वर चढणारा. तसेच राखवाल्यांचा आणि उल्काधूलिवाल्यांचा पक्ष पूर्णपणे खोटा ठरला, असेही म्हणता येत नाही. उल्कांच्या धुळीला मेघात जागा मिळाली, केवळ ती मुख्य वस्तू नव्हती.

उष्ण कटिबंधाचे द्वार

मग इतक्या उंचीवर पाणी पोहोचते कसे ? या प्रश्नाचे उत्तर पुन्हा उष्ण कटिबंधाकडेच, म्हणजे मॉरिशस ज्या पट्ट्यात आहे त्याच्याकडे आणून सोडते. भूपृष्ठाजवळची हवा स्थितांबरात शिरते ती मुख्यतः विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या प्रदेशातून. मात्र तेथे सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर उणे ८० अंशांच्या आसपासची थंडी द्वारपालासारखी उभी आहे. वर जाणाऱ्या हवेतील जवळजवळ सर्व बाष्प तेथेच गोठून मागे राहते. म्हणूनच वरचे आकाश वाळवंटाहूनही कोरडे असते.

परंतु एक वायू या द्वारपालाच्या तावडीत सापडत नाही. दलदली, भातखाचरे, गुरे, कोळशाच्या खाणी आणि नैसर्गिक वायूच्या विहिरी यांतून बाहेर पडणारा मिथेन हा तो वायू. उणे ८० अंशांस तो गोठत नाही. सरळ वर जातो, आणि तेथे सूर्यप्रकाशाच्या साह्याने त्याचे विघटन होऊन त्याच्या प्रत्येक रेणूपासून पाण्याचे सुमारे दोन रेणू तयार होतात. यंत्रयुगापूर्वी वातावरणात दहा लाख भागांत मिथेनचे सुमारे ०.७ भाग होते. आज ते १.९ भागांच्या पलीकडे गेले आहेत. त्यामुळे मध्यांबरातील पाणी वाढले. १९८९ साली गॅरी टॉमस आदी शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, १८८५ पूर्वी हे मेघ कोणी पाहिल्याची नोंद नाही याचे एक कारण कदाचित हेच असेल. त्यापूर्वी ते इतके उजळच नसावेत. पुढील गणितांनीही वाढलेल्या बाष्पामुळे मेघ अधिक उजळ झाले, या मतास पुष्टी दिली. जून २०१९ मध्ये तर ते दक्षिण कॅलिफोर्नियापर्यंत दिसले. येसेच्या काळी इतक्या दक्षिणेस ते दिसण्याची कल्पनाही कोणी केली नसती.

यावरून क्राकाटोआचा संबंध संपला असे समजण्याचे कारण नाही. तो पर्वत समुद्रात फुटला होता. त्याने राखेबरोबर पाण्याची वाफही वर फेकली असली पाहिजे, आणि ती वाफ मध्यांबरापर्यंत चढण्यास वर्ष-दोन वर्षे लागली असतील, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. तसे असल्यास १८८५ चे मेघ क्राकाटोआनेच पाठविले, हा येसेचा समज निराळ्या अर्थाने खरा ठरेल. राखेने नव्हे, तर पाण्याने. जानेवारी २०२२ मध्ये पॅसिफिक महासागरातील टोंगा बेटांजवळ हुंगा टोंगा-हुंगा हापाइ हा समुद्रातील ज्वालामुखी फुटला, तेव्हा या मताची परीक्षा पाहण्याची संधी निसर्गानेच दिली. त्याचा स्तंभ ५७ किलोमीटर उंच गेला, आणि सुमारे १५ कोटी टन बाष्प स्थितांबरात पोहोचले. तेथील एकूण बाष्पाच्या जवळजवळ दहा टक्के इतके हे प्रमाण होय. त्याच्याही दाबाच्या लहरीने पृथ्वीला अनेक फेऱ्या घातल्या, जशा १८८३ मध्ये घातल्या होत्या. या वेळी मात्र बाष्पाचा वर चढण्याचा मार्ग उपग्रहांनी महिनोन्महिने टिपून ठेवला.

नोंदीचे मोल

या दीर्घ कथेतून एक गोष्ट स्पष्ट होते. सिद्धान्त बदलत गेले. राखेचे हिम झाले, आणि हिमाच्या पोटात धूर सापडला. टिकल्या त्या नोंदी. वॉलिस यांनी लिहिलेला आवाज, पॅम्प्लेमूसच्या कागदावरील वक्ररेषा, येसेची छायाचित्रे आणि अॅस्क्रॉफ्टची रंगचित्रे यांचा उपयोग आजचे शास्त्रज्ञही करतात, कारण त्यांत तारीख, स्थळ आणि दिशा आहे. नोंद करणाऱ्याला कारण ठाऊक असणे आवश्यक नव्हते. जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिणे एवढेच पुरे होते. बॅकहाउस आणि लेस्ली हे काही मोठ्या वेधशाळांचे अधिकारी नव्हते. त्यांनी पाहिले आणि कळविले.

याच ठिकाणी या बेटावरील मराठी कुळांची मोठी हानी झालेली आहे. १८८३ च्या तांबड्या पहाटे कोयता घेऊन मळ्याकडे निघालेल्या माणसाने आकाशाकडे पाहून काय म्हटले, कोणत्या देवाचे नाव घेतले, गावाकडे काही अरिष्ट तर नाही ना अशी चिंता केली काय, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही. त्याची उंची वहीत आहे. त्याची दृष्टी वहीत नाही.

परंतु पुढील हानी टाळणे अजून हातात आहे. फेब्रुवारी १९६० मध्ये कॅरोल नावाच्या चक्रीवादळाने मॉरिशस उद्ध्वस्त केले. त्या रात्री ज्यांची छपरे उडाली, ज्यांनी वादळाच्या डोळ्यातील ती क्षणिक शांतता अनुभवली आणि मग उलट दिशेने आलेला वारा अंगावर घेतला, अशी वडीलधारी मंडळी आजही अनेक घरांत आहेत. वारा प्रथम कोणीकडून आला, किती वेळ थांबला, आकाशाचा रंग कसा होता, हे सारे त्यांच्या स्मरणात आहे. नातवंडांनी त्यांच्याजवळ बसून, तारीख आणि गावाचे नाव घालून, त्यांच्याच शब्दांत ते मराठीत अथवा क्रेओलमध्ये लिहून घ्यावे. मेल्ड्रम यांनी जहाजांच्या रोजनिश्या जमवून हिंदी महासागरातील वादळांचे शास्त्र उभे केले. उसाच्या मळ्यांतील घरांच्या रोजनिश्या मात्र त्या काळी कोणी मागितल्या नाहीत. त्या आता घरच्यांनीच लिहावयाच्या आहेत.